वाचकांचे प्रश्न : कीर्तनाच्या थेट प्रक्षेपणासाठी संगणक

प्रश्न : गावच्या सप्ताहातील कीर्तने दोन कॅमेऱ्यांवरून यूट्यूबवर थेट दाखवतो. आय-३ लॅपटॉपवर ओबीएस (थेट प्रक्षेपणाचे सॉफ्टवेअर) अडखळते. दुकानदार आय-९ सुचवतात. काय घ्यावे?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : खरेदीची घाई करू नका. ओबीएसच्या सेटिंग्ज–आउटपुटमध्ये एन्कोडर (चित्र आकुंचित करणारा भाग) कोणता आहे ते आधी पाहा. तिथे एक्स-२६४ असेल, तर चित्र आकुंचित करण्याचा सगळा भार प्रोसेसरवर पडतो. क्विकसिंक निवडा, मग तेच काम प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सचा स्वतंत्र एन्कोडर करतो. नंतर स्टॅट्सची खिडकी उघडून अर्धा तास चाचणी घ्या. ‘ड्रॉप्ड फ्रेम्स (नेटवर्क)’चा आकडा वाढत असेल, तर दोष इंटरनेटचा आहे, आय-९ घेऊनही तो जाणार नाही. ‘एन्कोडिंग लॅग’ (एन्कोडर मागे पडणे) वाढत असेल, तरच नवा संगणक.

तोही सहा कोअरचा आय-५ भरपूर झाला. मात्र मॉडेलचे नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा. आय-५ १२४०० मध्ये क्विकसिंक आहे. १२४००एफ मध्ये ग्राफिक्सच नाही, म्हणून क्विकसिंकही नाही. वेगळे ग्राफिक्स कार्ड घ्यायचे तर एनव्हिडियाचे आरटीएक्स घ्या. जीटी १०३० मध्ये एनव्हेंक (एनव्हिडियाचा स्वतंत्र एन्कोडर) नाही, आणि तरीही ‘ग्राफिक्स कार्डवाला पीसी’ म्हणून ते सर्रास गळ्यात मारले जाते.

रॅम १६ जीबी, पण ८-८ च्या दोन पट्ट्या. प्रोसेसरमधले ग्राफिक्स हीच रॅम वापरते, आणि एकाच पट्टीवर त्याचा वेग मंदावतो. एसएसडी ५१२ जीबी पुरे.

दोन कॅमेऱ्यांना दोन कॅप्चर कार्डे (कॅमेऱ्याचे चित्र संगणकात आणणारी उपकरणे) लागतील. ती यूएसबी ३.० च्या वेगवेगळ्या पोर्टांत लावा, एका हबवर नको. सेकंदाला ३० फ्रेमचे १०८०पी चित्र न दाबता आणायला सुमारे १ जीबीपीएस लागतो, यूएसबी २.० ची कमाल मर्यादाच ४८० एमबीपीएस आहे. चित्र थिजते ते बहुधा इथेच.

मंडपात लॅपटॉप सोयीचा, कारण वीज गेली तरी तो चालू राहतो. पण राउटरलाही यूपीएस हवा. चार्जर काढू नका. बॅटरीवर बरेच लॅपटॉप वेग कमी करतात. गादीवर ठेवल्यास तळाची हवा कोंडून तेच होते.

६ एमबीपीएस बिटरेटला (सेकंदाला पाठवल्या जाणाऱ्या डेटाचे प्रमाण) तासाला २.७ जीबी डेटा जातो. अपलोडचा वेग त्याच्या दुप्पट असू द्या. रेकॉर्डिंग एमकेव्ही या फाइल-प्रकारात करा. मध्येच संगणक बंद पडला, तर साधी एमपी४ फाइल बहुधा उघडत नाही. एमकेव्हीत तोवरचे कीर्तन शाबूत राहते.