पहिल्या लांब राइडआधी एवढं बघा

किडनी आणि अवयवदानासाठीच्या सायकल राइडला नाव नोंदवलंत, झकास! गिअर-चाकांच्या चर्चा तूर्त बाजूला ठेवा.

- सीट: पेडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ व्हायला हवा. सीट खाली राहिली की गुडघा पुढून दुखतो.
- सराव: आठवड्याला अंतर साधारण 10 टक्क्यांनी वाढवा. अधूनमधून दोन दिवस लागोपाठ चालवा. खरी परीक्षा दुसऱ्या सकाळी, दुखऱ्या बुडाने सीटवर बसताना होते.
- पॅडेड शॉर्ट्सच्या आत अंतर्वस्त्र नको, शिवण घासून कातडी सोलते.
- पंक्चर: नवी ट्यूब घालण्याआधी टायर आतून जपून चाचपा, काटा काढा. नाहीतर तीही गेलीच.

दर अर्ध्या तासाला थोडं खा, तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी. मूत्रपिंडाचा आजार किंवा प्रत्यारोपण असेल तर हे प्रमाण डॉक्टरांनाच विचारा.

आणि अंग दुखतंय म्हणून आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक घेऊ नका. शरीरात पाणी कमी असताना या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटवतात. किडनीसाठीच्या राइडमध्ये स्वतःचीच किडनी धोक्यात, काय म्हणावं!

वाटेत लोक अवयवदानाबद्दल विचारतील. फॉर्म भरा म्हणा, पण घरच्यांनाही सांगून ठेवा. ऐनवेळी डॉक्टर त्यांच्याशीच बोलतात.