आरी वर्क करू दे, पण तीन वर्षांची सही नको

नमस्कार ताई,

सिंहगड रोडवरून तुम्ही लिहिलंय की मुलगी १९ वर्षांची, एस.वाय. बी.कॉम.ला, घरी आरी वर्कचे, म्हणजे आकड्याच्या सुईनं भरतकाम केलेले, ब्लाऊज करते आणि लक्ष्मी रोडच्या एका बुटीकवाल्यांनी तीन वर्षांचा करार पुढं केलाय. रेट फिक्स, दुसऱ्या कुणाचं काम घ्यायचं नाही, आणि सोडल्यावरपण दोन वर्षं नाही. सही करू का आणि कॉलेज एक्स्टर्नल करू का, असं दोन्ही विचारलंय.

सोडल्यानंतरच्या दोन वर्षांना घाबरू नका, १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ पुढं ती अट टिकत नाही. खरी गोची करार चालू असतानाच्या बंदीत आहे, कारण ती कोर्टं सहसा मान्य करतात, आणि ते महिन्याला किती ब्लाऊज देणार हे त्या कागदात कुठंच नाही. म्हणजे आषाढीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत लग्नं थांबली की पोरीनं हात बांधून बसायचं का? एकतर ठराविक पीसची हमी द्या नाहीतर बाहेरचं काम करू द्या, एवढं सरळ बोला.

मुदत सहा महिने मागा, रेट दर सहा महिन्यांनी बसून ठरवायचा, लगीनसराईतल्या अर्जंट कामाचा वेगळा, आणि दोघांपैकी कुणालाही ३० दिवसांची नोटीस देऊन मोकळं होता यावं. मधे काही बदललं तर व्हॉट्सॲपवर दोघांनी 'मान्य' लिहिलं की चालेल हेही कागदातच घ्या, म्हणजे दर वेळी स्टॅम्पपेपरच्या मागं पळायला नको. कापड त्यांचं असेल तर खराब झाल्यास किती भरून द्यायचं त्याला वरची मर्यादा हवी, नाहीतर एका पैठणीच्या ब्लाऊजपायी महिन्याची कमाई जायची.

पैशांचं म्हणाल तर तिचं उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, आधी करून घ्या, फुकट आहे, एजंटला एक रुपया देऊ नका. मग २००६ च्या एमएसएमई, म्हणजे छोट्या-मध्यम उद्योगांच्या, कायद्यानं करारात काहीही लिहिलं तरी ४५ दिवसांच्या आत पेमेंट द्यावंच लागतं, काहीच ठरलं नसेल तर १५ दिवस, आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेनं जाहीर केलेल्या बँक रेटच्या तिप्पट व्याज. आपण रिक्षावाल्याशी दहा रुपयांसाठी वाद घालतो आणि अशा कागदावर मात्र 'ओळखीचे आहेत हो' म्हणून सही करतो.

कॉलेज रेग्युलरच राहू दे. सुई हातात आहेच, पण हिशोब, जीएसटी, करार हे बी.कॉम.मधेच जवळून कळतं, आणि गोडी लागली तर पदवीनंतर सीईटी देऊन तीन वर्षांचं एलएलबीपण करता येईल.

तोवर तो कागद तिलाच मोठ्यानं वाचायला सांगा, अडखळेल तिथं पेन्सिलनं खूण करा आणि त्या खुणा घेऊनच दोघी लक्ष्मी रोडला जा. पार्किंगचं मात्र तुमचं तुम्ही बघा.