करकायद्याला आव्हान देण्यापूर्वी
विधिमंडळाने बसवलेला कर राज्यघटनेच्या कसोटीला उतरतो की नाही, हे तपासण्याचे काम तुम्ही नुकतेच हाती घेतले आहे, म्हणून एक आग्रहाची सूचना करतो: कराचा दर जाचक आहे, या तक्रारीपासून कधीही आरंभ करू नका, कारण दर ठरवण्याची मोकळीक न्यायालये सामान्यतः विधिमंडळालाच देतात. आधी अनुच्छेद 265 पाहा. कायद्याच्या आधाराशिवाय कोणताही कर बसवता किंवा वसूल करता येत नाही, त्यामुळे केवळ परिपत्रकाच्या बळावर मागितलेला कर तिथेच अडतो.

मग राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीकडे वळा; कोणत्या विषयांवर केंद्राने आणि कोणत्या विषयांवर राज्यांनी कायदे करायचे, हे तिच्यातल्या नोंदी सांगतात. एखाद्या विषयाचे नियमन करण्याचा अधिकार असला, म्हणजे त्यावर कर लावण्याचाही अधिकार आपोआप मिळतो असे नाही; करांच्या नोंदी स्वतंत्र आहेत, आणि माझ्या मते नवोदिताने सर्वाधिक वेळ याच नोंदींना द्यावा. 2016 च्या 101व्या घटनादुरुस्तीने त्यांतल्या काही वगळल्या, काही बदलल्या, म्हणून राज्यघटनेची जुनी प्रत वापरू नका. व्यवसाय करावर अनुच्छेद 276 ने वर्षाला 2,500 रुपयांची मर्यादा घातली आहे, पण अशी आकड्यातली मर्यादा विरळाच.

समानतेचा हक्कही विसरू नका. मूपिल नायर विरुद्ध केरळ राज्य या खटल्यात, जमिनीचे उत्पन्न न पाहता एकरी सरसकट 2 रुपये आकारणारा भूमिकर सर्वोच्च न्यायालयाने अनुच्छेद 14 च्या आधारे अवैध ठरवला. तो निकाल भिन्नमतासह मुळातून वाचा.