वाचकांचे प्रश्न : जेनरचं घर आणि देवीची लस

प्रश्न : मुलीकडे ब्रिस्टलला जाणार आहोत. देवीची लस शोधणाऱ्या डॉ. जेनरचं घर जवळच आहे म्हणतात. तिथे काय पाहावं? आणि ती लस त्या काळी मुंबईपर्यंत टिकली कशी?

उत्तर : घर ग्लॉस्टरशायरमधल्या बर्कली गावात आहे. हिवाळ्यात ते बंद असतं, म्हणून वेळा आधी बघून घ्या. सगळ्यांत आधी बागेतली ओबडधोबड लाकडाची झोपडी गाठा. जेनर तिथे गोरगरिबांच्या देवी फुकट काढत. आमच्या मते घरातल्या कुठल्याही दालनापेक्षा तीच मोलाची आहे. जेनर 1823 साली याच घरात वारले. त्यांची कबर शेजारच्या चर्चमध्ये आहे.

14 मे 1796 रोजी त्यांनी गवळण सेरा नेल्म्सच्या हातावरच्या गाईच्या देवीच्या (काऊपॉक्स) फोडातली लस आठ वर्षांच्या जेम्स फिप्सच्या दंडावर टोचली.

आता टिकण्याचं. दोऱ्यावर किंवा काचांमध्ये वाळवलेली लस उन्हाळ्यात निकामी होई. खात्रीचा मार्ग म्हणजे दंडावरून दंडावर: टोचल्यावर आठव्या दिवसाच्या सुमारास फोडातली स्वच्छ, पातळ लस घ्यायची आणि लगेच पुढच्याला टोचायची. उशीर झाला की पू होतो, मग गुण येत नाही, उलट जखम चिघळते. एका जरी माणसाला लस उठली नाही तरी साखळी तुटे. व्हिएन्ना, बगदाद, बसरा असं करत लस मुंबईला आली आणि 14 जून 1802 रोजी तीन वर्षांच्या अ‍ॅना डस्टहॉलला टोचली गेली. भारतातलं हे पहिलं यशस्वी लसीकरण.