आईच्या वहीचं उजवं पान

"मॅडम, आईला ते लिहिणं बंद करायला सांगा."

मुलगा एकटाच आला होता. आईला फुप्फुसाचा कॅन्सर, चौथी स्टेज. ती आंघोळीला गेलेली असताना त्याने गादीखालची वही वाचली आणि 'मी नसेन तेव्हा जास्वंदीला पाणी कोण घालील' या ओळीवर अडकला. "सारखं आजाराचंच लिहून माणूस खचणार नाही का?"

मी समुपदेशक. कॅन्सर शिरलेल्या घरांतून हा प्रश्न मला हमखास येतो. (ओळख पटू नये म्हणून इथले तपशील बदललेत.)

काकू निवृत्त शिक्षिका. जन्मात बिडी-सिगारेट नाही. खोकला सुरू झाला तेव्हा टीबी समजून चार महिने औषधं झाली. आपल्याकडे यात नवल नाही. मग बायॉप्सी झाली, पेशींची वाढ चालवणाऱ्या ईजीएफआर जनुकात बदल सापडला आणि केमोऐवजी रोजची एक गोळी सुरू झाली. खोकला थांबला, पण भेटायला येणारे थांबेनात. "तुम्ही तर ओढत नव्हता ना, मग कसा काय?" काकू म्हणायच्या, "ताई, याचं उत्तर वहीत सतरा वेळा लिहिलंय. एकदाही सारखं आलं नाही."

वही सुरू करायला मीच सांगितलं होतं, आणि तेही आधी चुकीचं. 'रोज तीन चांगल्या गोष्टी लिहा' म्हटलं. पंधरा दिवसांनी वही कोरी. "मुलांना 'माझी आई' निबंध घालायचे, त्यात सगळ्या आया प्रेमळच असायच्या. तसलं आता नाही जमायचं." मी ओशाळले. म्हटलं, मग येईल ते लिहा. पंधरा मिनिटं, शुद्धलेखन न बघता.

पंधरा मिनिटं हा आकडा मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांच्या १९८६ च्या प्रयोगातला. विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस मनात सलणारं लिहिलं. लिहून उठताना ते जास्तच उदास होते, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. कॅन्सरच्या रुग्णांवरच्या अभ्यासांत मात्र कुठे फायदा दिसला, कुठे नाही. लिहून गाठ विरघळत नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगते. दिवसभर तेच घोळत राहिलं, झोप उडाली, तर वही मिटायची आणि बोलायला यायचं, हेही सांगते.

मुलाला एवढंच म्हटलं, "न विचारता वाचलंत, हे आधी त्यांना सांगा." त्याला आठवडा लागला. मग दोघं आले. काकू चिडल्या होत्या, पण वाचल्याबद्दल नाही.

"उजवंच पान वाचलंन याने."

त्यांनी वही माझ्यासमोर उघडली. उजवीकडे मनातलं. डावीकडे पट्टीने आखलेले रकाने: जिना, भूक, पोट. जिन्याखाली 'दुसऱ्या मजल्यावर एकदा थांबले.' पोटाखाली चार दिवस ओळीने ५, ६, ६, ६. आणि अगदी बारीक अक्षरात: 'सांगू नये. गोळी बंद करतील.'

ते आकडे जुलाबांचे. जुलाब हा या गोळीचा डॉक्टरांना चांगला माहीत असलेला त्रास आहे. त्यावर औषध असतं. गरज पडलीच तर गोळी थोडे दिवस थांबवून पुन्हा सुरू करतात. लपवला तर अंगातलं पाणी जाऊन माणूस आडवा होतो. (धाप अचानक वाढली किंवा थुंकीत रक्त दिसलं, तर वहीत लिहीतही बसू नये, तडक दवाखाना गाठावा.)

"आई, हे का नाही बोललीस?"

"तू बसला होतास जास्वंद धरून."

डॉक्टरांना फोन तिथूनच लागला. आता डावी पानं मुलगा फाइलीसोबत ओपीडीत दाखवतो. उजव्या पानांना काकू कपड्यांचा चिमटा लावून ठेवतात.

मागच्या स्कॅनच्या आदल्या रात्री त्याने स्वतःच विचारलं म्हणे, पाणी रोज घालायचं की दिवसाआड?

"रोज," काकू म्हणाल्या. "आणि मुळाशी घाल, नुसती पानं भिजवू नकोस."