स्टिअरिंगवरची बटणे मागाहून बसवताना

प्रश्न : माझ्याकडे 2020 सालची, सर्वांत खालच्या व्हेरियंटची छोटी हॅचबॅक आहे. चादरी आणि टॉवेलच्या व्यवसायामुळे आठवड्यातून तीन-चार वेळा अक्कलकोट, तुळजापूर किंवा बार्शीला जावे लागते. दोन वर्षांपूर्वी मी गाडीत टचस्क्रीन बसवून घेतला, पण आवाज कमी करायला किंवा फोन घ्यायला दर वेळी स्टिअरिंगवरचा हात काढावा लागतो. याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटमध्ये स्टिअरिंगवर बटणे येतात. कंपनीचे तेच सुटे भाग आणून माझ्या गाडीत बसवता येतील का? एका दुकानदाराच्या म्हणण्यानुसार हे अर्ध्या तासाचे काम आहे आणि नंतर एअरबॅगचा दिवा लागलाच, तर रेझिस्टर टाकून तो घालवता येतो. हे काम करून घ्यावे का? (एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर : आधी दुकानदाराच्या शेवटच्या वाक्याबद्दल लिहितो, कारण बाकी सगळे त्यानंतरचे आहे. रेझिस्टर लावून एअरबॅगचा दिवा घालवण्याला कोणत्याही परिस्थितीत होकार देऊ नका. 1 जुलै 2019 पासून देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या कारमध्ये चालकाची एअरबॅग सक्तीची आहे, त्यामुळे आपल्या खालच्या व्हेरियंटमध्येही ती आहेच. या एअरबॅगचे सर्किट शाबूत आहे की नाही, हे गाडीतले नियंत्रण युनिट त्याचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, मोजून सतत तपासत असते आणि कुठे वायर तुटली किंवा कपलर (वायरी जोडणारा प्लग) सुटला, तर मीटरवर लाल दिवा लावते. तेवढ्याच रोधाचा रेझिस्टर, म्हणजे ठरावीक रोध देणारा छोटा सुटा भाग, जोडला की युनिटला एअरबॅग जागेवर असल्याचे भासते आणि दिवा विझतो. धडकेच्या क्षणी मात्र युनिटने सोडलेला करंट त्या रेझिस्टरमध्ये जातो आणि एअरबॅग उघडत नाही. असे काम सुचवणाऱ्या माणसाच्या हाती आपले स्टिअरिंग सोपवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपली मूळ इच्छा मात्र रास्त आहे आणि ती पूर्ण करता येते. बटणांची रचना फार साधी असते. पुष्कळशा छोट्या गाड्यांत आवाज वाढवणे, कमी करणे, पुढचे गाणे अशा प्रत्येक बटणामागे वेगळ्या किमतीचा रेझिस्टर असतो आणि सगळी बटणे मिळून एक-दोन वायरींवर काम करतात. स्क्रीन त्या वायरीला थोडे व्होल्टेज देतो आणि बटण दाबल्यावर ते किती खाली उतरले, यावरून कोणते बटण दाबले गेले हे ओळखतो. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक अँड्रॉइड स्क्रीनच्या मागे ‘की वन’, ‘की टू’ आणि ग्राउंड अशा वायरी यासाठीच दिलेल्या असतात. त्या जोडल्यावर सेटिंगमध्ये जाऊन एकेक बटण दाबून स्क्रीनला शिकवावे लागते. काही नव्या गाड्यांत मात्र बटणांचा संदेश डिजिटल स्वरूपात जातो आणि तेथे मध्ये अडॅप्टर लागतो, म्हणून सुटे भाग घेण्यापूर्वी आपल्या मॉडेलमध्ये कोणती पद्धत आहे, हे वायरिंगच्या नकाशावरून पक्के करून घ्यावे.

बटणसंच घेताना दुकानाच्या काउंटरवरच मल्टीमीटर (व्होल्टेज, करंट व रोध मोजणारा मीटर) रोधाच्या सेटिंगवर ठेवून दोन पिनांना लावावा आणि एकेक बटण दाबून पाहावे. प्रत्येक बटणाला आकडा वेगळा यावा आणि बोट दाबलेले असेपर्यंत तो स्थिर राहावा. आकडा थरथरत असेल, तर आतला संपर्क खराब आहे आणि पुढे आवाज कमी करायला गेल्यावर गाणे बदलण्याचा त्रास सुरू होईल.

खरी अडचण बटणांत नसते. स्टिअरिंगच्या मागे, स्विचच्या दांड्यांच्या पुढे एक गोल चपटी डबी असते. तिला क्लॉक स्प्रिंग किंवा स्पायरल केबल म्हणतात. स्टिअरिंगचे फिरणारे चाक आणि त्यामागचा स्थिर खांब, म्हणजे कॉलम, यांच्यामधला सगळा विद्युतसंबंध, म्हणजे एअरबॅग, हॉर्न आणि असल्यास बटणे, या डबीतल्या कागदासारख्या पातळ रिबनमधून जातो. कांडीवर सूत गुंडाळावे तशी ही रिबन आत गुंडाळलेली असते आणि स्टिअरिंग वळेल तशी सैल किंवा घट्ट होते. सूत तुटले तर गाठ मारता येते. येथे ती सोय नाही, रिबन तुटली की पूर्ण डबी बदलावी लागते.

खालच्या व्हेरियंटच्या डबीत पुष्कळदा फक्त एअरबॅग आणि हॉर्नपुरते मार्ग असतात व बटणांच्या पिना रिकाम्या असतात. तसे असेल, तर वरच्या व्हेरियंटची डबी घ्यावी लागेल. ती नवीच घ्यावी, भंगार बाजारातली नको, कारण अपघाताच्या गाडीतून निघालेली रिबन आतून कितपत दुखावली आहे, हे बाहेरून कळत नाही. जुनी एअरबॅग तर मुळीच विकत घेऊ नये. आपल्या गाडीची एअरबॅग आहे तीच परत बसते का, याची भाग क्रमांकावरून आधी खात्री करून घ्यावी. त्याचप्रमाणे डबीपासून स्क्रीनपर्यंतच्या वायरी आपल्या हार्नेसमध्ये (गाडीच्या वायरींच्या जुडग्यात) कंपनीने टाकलेल्या असतात किंवा नसतात. कॉलमचे खालचे प्लॅस्टिक कव्हर काढून कपलरमध्ये डोकावले की ते डोळ्यांनीच दिसते. वायरी नसतील तर नव्या ओढाव्यात, पण मूळ हार्नेस सोलून त्यात जोड देऊ नये, मॉडेलला जुळणारे कपलर वापरावेत.

प्रत्यक्ष काम एअरबॅगचा अनुभव असलेल्या तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे, मात्र आपण शेजारी उभे राहून पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे. चाके सरळ करून, किल्ली काढून बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवावी आणि त्यानंतर किमान दहा मिनिटे थांबावे. एअरबॅगच्या युनिटमधील कपॅसिटर बॅटरी सुटल्यावरही काही काळ एअरबॅग उडवण्याइतका करंट धरून ठेवतो आणि ही दहा मिनिटे वाया गेली असे मानणारा कारागीर धोका पत्करत असतो. एअरबॅगचे पिवळे कपलर जपून सोडवावेत, त्यांना मल्टीमीटर कधीही लावू नये आणि काढलेली एअरबॅग बाजूला ठेवताना तिचे झाकण वरच्या दिशेला असावे. स्टिअरिंगचे चाक ओढून काढण्यापूर्वी ते ज्यावर बसते त्या दांड्यावर आणि चाकावर रंगाची एक बारीक खूण करावी व नट पूर्ण न काढता दोन-तीन आट्यांवर सैल ठेवावा, म्हणजे चाक एकदम सुटून तोंडावर येत नाही.

नवी डबी बसवताना ती मध्यावर असणे हाच सगळ्यात नाजूक भाग आहे. नव्या डबीला मध्य धरून ठेवणारी पिन किंवा पट्टी असते. ती डबी जागेवर बसेपर्यंत काढू नये. कोणी ती आधीच काढली असेल, तर डबी हलक्या हाताने एका बाजूला अडेपर्यंत फिरवून, उत्पादकाने सांगितलेले फेरे मोजत परत आणावी आणि बाणाच्या खुणा जुळवाव्यात. गाडीचे स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण तीन-साडेतीन फेरे घेते. रिबन मध्यावर नसेल, तर नवी पेठेतल्या अरुंद गल्लीत गाडी वळवताना चाक पूर्ण फिरेल आणि त्याच वेळी ती तुटेल. काम झाल्यावर बॅटरी जोडून एअरबॅगचा दिवा लागून आपोआप विझतो का, हॉर्न वाजतो का आणि दोन्ही बाजूंना पूर्ण वळवूनही तसेच राहते का, हे पाहिल्याशिवाय दुकानातून निघू नये. हे सगळे अर्ध्या तासात होत नाही. मी असतो तर अर्धा दिवस राखून ठेवला असता.

सोलापूरच्या उन्हाळ्याचाही विचार हवा. एप्रिल-मेमध्ये पारा 40 अंशांच्या वर असतो आणि उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डमागे त्याहून कितीतरी अधिक तापते. साध्या इन्सुलेशन टेपचा गोंद तेथे वितळतो व जोड उघडे पडतात. म्हणून जोड क्रिंप (धातूच्या नळीत दाबून पक्के) किंवा सोल्डर करून त्यावर उष्णतेने आवळणारी नळी चढवावी आणि वायरी कापडी टेपमध्ये बांधाव्यात, असा आग्रह धरावा.

हा खर्च किंवा जोखीम नको असेल, तर बॅटरी सेलवर चालणारी वायरलेस बटणे मिळतात. त्यांचा रिसीव्हर त्याच ‘की वन’ वायरीला जोडतात. ती चाकाच्या कड्यावर घट्ट बसवावीत, एअरबॅगच्या झाकणावर काहीही चिकटवू नये. कंपनीच्या बटणांइतकी ती टिकत नाहीत, पण आपल्या गरजेला पुरतील. टचस्क्रीनची नोंद विमा पॉलिसीत विद्युत अ‍ॅक्सेसरी म्हणून झाली आहे का, हेही नूतनीकरणाच्या वेळी पाहावे.

प्रश्न : नवा स्क्रीन बसवल्यापासून गाडी चार-पाच दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते. बॅटरी बदलावी का? (एक वाचक, होटगी रस्ता)

उत्तर : बॅटरी बदलण्यापूर्वी स्क्रीनची जोडणी तपासा. पिवळी वायर कायम करंटवर आणि लाल वायर किल्लीवर असावी लागते. दोन्ही एकत्र पिळून कायम करंटवर दिल्या, तर स्क्रीन आतून जागाच राहतो. बंद गाडीने साधारण 50 मिलिअँपिअरपेक्षा कमी करंट घ्यावा. तो 300 मिलिअँपिअर असेल, तर दिवसाला सुमारे 7 अँपिअर-तास जातात आणि 35 अँपिअर-तासांची बॅटरी पाच दिवसांत रिकामी होते. आपला अनुभव या हिशेबाशी जुळतो. दारे बंद करून अर्धा तास थांबा, निगेटिव्ह तारेत अँपिअरवर लावलेला मल्टीमीटर जोडा आणि एकेक फ्यूज काढून पाहा. ज्या फ्यूजवर आकडा एकदम खाली येईल, त्या सर्किटमध्ये दोष आहे. मीटर जोडलेला असताना गाडी सुरू करू नका, स्टार्टरच्या करंटने मीटरचा फ्यूज जळेल.