उतारावर ब्रेक का दगा देतात?

प्रश्न : गेल्या महिन्यात लांबलचक घाट उतरत असताना निम्म्या वाटेवर जळका वास येऊ लागला आणि ब्रेकचे पेडल मऊ पडून जवळजवळ तळाला टेकले. गाडी कशीबशी थांबवली. अर्ध्या तासाने ब्रेक पूर्ववत लागू लागले आणि गॅरेजमध्येही काही दोष निघाला नाही. इंधन वाचावे म्हणून मी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडतो. त्याचा याच्याशी काही संबंध असेल का?

उत्तर : संबंध आहे, आणि थेट आहे. १२०० किलो वजनाची गाडी ५०० मीटर खाली उतरते तेव्हा मोकळ्या होणाऱ्या ऊर्जेवर साधारण १८ लिटर पाणी उकळीला येईल. न्यूट्रलमध्ये त्यातला बराचसा ताप ब्रेकलाच सोसावा लागतो. वास तापलेल्या पॅडचा होता. पेडल मऊ पडले ते मात्र बहुधा ब्रेक ऑइलमुळे. हे ऑइल हवेतील ओलावा शोषते. डॉट ३ प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, तर ओलावा मुरल्यावर तो १४० अंशांपर्यंत घसरू शकतो. ऑइल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि पायाचा जोर चाकापर्यंत न पोहोचता ते बुडबुडे दाबण्यातच जिरतो. गार झाल्यावर वाफ विरते, म्हणूनच गॅरेजमध्ये काही सापडले नाही. ऑइल बदलून दोन वर्षे झाली असतील, तर आधी ते बदलून घ्या.

राहिला इंधनाचा प्रश्न. इंजेक्शनच्या, म्हणजे इंजिनात इंधन फवारून सोडणाऱ्या गाड्यांत गिअर टाकलेला असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंधनाचा पुरवठा बहुतेक वेळ बंदच होतो. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला ते लागतेच. म्हणजे आपली काटकसर उलटीच पडत होती! उतार लागण्यापूर्वीच दुसरा किंवा तिसरा गिअर टाकावा, इंजिनाला गाडी धरू द्यावी आणि वेग वाढू लागला की ब्रेक ठामपणे दाबून, वेग पुरेसा उतरताच सोडून द्यावा. पाय पेडलवर नुसता टेकवून ठेवण्याची सवय सर्वांत वाईट, कारण त्यात ब्रेकला गार व्हायला उसंतच मिळत नाही. स्वयंचलित गिअरच्या गाडीतही खालचा गिअर निवडण्याची सोय बहुधा असते.

पेडल पुन्हा मऊ पडलेच, तर ते भराभर दाबत राहावे, एकेक गिअर उतरवावा आणि हँडब्रेक हळूहळू ओढावा. इंजिन बंद करू नये, कारण ते बंद पडले की ब्रेक व स्टिअरिंग दोन्ही जड होतात. गाडी थांबल्यावर तापलेल्या चाकांवर पाणी ओतण्याचा मोह टाळावा, कारण डिस्क वा ड्रमला तडे जाऊ शकतात.